गायरानावरील चढाओढ

मृगाचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की दख्खनच्या पठारावरील कोणत्याही गावाच्या गायरानावर हिरवी लव दिसू लागते. लांबून पाहणाऱ्यास ती एकसारखी वाटते. जवळ जाऊन, जमिनीशी वाकून पाहिले, तर हातभर चौरसात कितीतरी निरनिराळे अंकुर आढळतात. त्यात गवताची सुईसारखी पाती असतात, टाकळ्याची गोलसर जोडपाने असतात, बाभळीचे एखादे रोपटे असते आणि मातीला चिकटून पसरलेली गाजरगवताची कातरलेली पानेही असतात. दिवाळीच्या सुमारास त्याच जागी पुन्हा पाहिले, तर यांपैकी बहुतेक अंकुर नाहीसे झालेले असतात. ते सर्वच काही गुरांनी खाल्लेले नसतात किंवा पावसाने वाहून गेलेले नसतात. त्यांच्या वाट्याचे ऊन, पाणी आणि माती शेजाऱ्यांनी घेतल्यामुळे त्यातील अनेक संपलेले असतात.

सजीवांच्या या चढाओढीस जीवशास्त्रात स्पर्धा असे म्हणतात. एखाद्या जागेतील वनस्पती, प्राणी, जंतू आणि त्यांच्याभोवतालची माती, पाणी, हवा यांची मिळून जी परस्परावलंबी व्यवस्था बनते, तिला परिसंस्था म्हणतात. गावचे गायरान ही अशीच एक परिसंस्था होय. भाषणांतून ‘निसर्गाचा समतोल’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो आणि त्यामुळे सर्व सजीव एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदतात असा समज होतो. वस्तुतः हा समतोल बऱ्याच अंशी रस्सीखेचीतील दोरासारखा आहे. दोन्ही बाजूंनी ओढ असते म्हणूनच तो ताणून स्थिर राहतो. एका बाजूचा हात सुटला, की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रातील खेडोपाड्यांनी गेल्या सत्तर वर्षांत पुरेपूर घेतला आहे.

तुटवडा हेच मूळ

स्पर्धा हा सजीवांचा स्वभाव आहे, असे म्हणणे बरोबर नाही. माळावरची गाय, तिच्या पाठीवरचा बगळा आणि तिच्या खुराखालची मुंगी या तिघांनाही श्वासासाठी प्राणवायू लागतो; पण त्यासाठी त्यांच्यात कधीच भांडण होत नाही, कारण हवेत तो सर्वांना पुरून उरतो. तोच प्राणवायू उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्यात अपुरा पडतो. मग पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि त्यांच्यापैकी दुबळे आधी मरतात. गरज तीच, वायू तोच. फरक केवळ पुरवठ्याचा. दोन किंवा अधिक सजीवांना एकच वस्तू हवी असेल आणि ती सर्वांना पुरेल इतकी नसेल, तेव्हाच स्पर्धा उद्भवते. ती वस्तू अन्न असेल, पाणी असेल, सूर्यप्रकाश असेल, मातीतील नत्र-स्फुरद असेल, घरट्यासाठी झाडाची ढोली असेल किंवा प्राण्यांच्या बाबतीत जोडीदारही असेल.

हा तुटवडा सर्वत्र आणि सर्वकाळ का असावा? याचे उत्तर प्रजोत्पादनाच्या वेगात आहे. गाजरगवताचे एक चांगले वाढलेले झाड दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बिया देते. त्यातील दहा हजार रुजल्या व वाढल्या आणि त्यांपैकी प्रत्येकाने पुन्हा तितकेच वंशज दिले, तर दुसऱ्याच पिढीत झाडांची संख्या दहा कोटी होईल. तेवढी जागा, तेवढे पाणी पृथ्वीवर एका झाडाच्या वंशासाठी कोणी राखून ठेवलेले नाही. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ टॉमस माल्थस याने लोकसंख्या आणि अन्न यांच्या वाढीतील तफावतीविषयी १७९८ साली निबंध प्रसिद्ध केला. तो चार्ल्स डार्विन यांच्या वाचनात १८३८ साली आला आणि त्यातूनच जीवनकलहाची कल्पना त्यांना सुचली. पुढे १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा ती एक आधारस्तंभ ठरली. ‘लायक असेल तोच टिकतो’ अशा अर्थाचे जे सुप्रसिद्ध वचन डार्विन यांच्या नावावर सांगितले जाते, ते मुळात हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वचिंतकाचे आहे. माणसांच्या समाजात दुबळ्यांना वाऱ्यावर सोडण्याचे समर्थन म्हणून त्याचा वापर पुष्कळ झाला. शिक्षकांनी हा विषय शिकविताना एवढी सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल.

विरळणीचे शास्त्र

सर्वांत तीव्र स्पर्धा परक्याशी नसून आपल्याच जातीशी असते. दोन ज्वारीच्या ताटांना एकाच वेळी, एकाच खोलीवरील, तेच अन्नद्रव्य हवे असते. त्यांच्या गरजांत तिळमात्र फरक नसतो. म्हणून शेतकरी पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करतो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर राखले, तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात. याहून दाट ठेवल्यास कणसे बारीक पडतात, कारण सोलापूरकडील रब्बी ज्वारी बहुतांशी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते आणि ती ओल ठरावीकच असते. ताटे वाढविली म्हणून ओल वाढत नाही. ज्याने विरळणी केली, त्याने हा सिद्धान्त ऐकलेला नसला तरी तो पाळलेला असतो.

शाळेत हे दाखविणे अगदी सोपे आहे. एकाच मापाच्या तीन डब्यांत सारखीच माती भरावी. एकात मेथीचे ५ दाणे, दुसऱ्यात २५ आणि तिसऱ्यात १०० दाणे पेरून सर्वांना मोजून सारखेच पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून प्रत्येक डब्यातील एका रोपाचे सरासरी वजन काढावे. शंभर दाण्यांच्या डब्यातील रोपे उंच पण काडीसारखी किडकिडीत झालेली दिसतील. प्रकाशासाठी ती एकमेकांवर मान वर काढीत असतात. खर्च नाममात्र असून मुलांच्या लक्षात मात्र हे कायमचे राहते.

मॉस्को येथील गेऑर्गी गॉझ या तरुण शास्त्रज्ञाने काचेच्या नळ्यांत केलेले प्रयोग या विषयात मैलाचा दगड मानले जातात. १९३४ साली त्याने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जाती त्याने आधी वेगवेगळ्या नळ्यांत वाढविल्या. दोन्ही उत्तम वाढल्या. मग त्याच दोन जाती एका नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या. काही आठवड्यांत त्यांपैकी एक समूळ नाहीशी झाली. जिंकलेल्या जातीने हरलेल्या जातीवर हल्ला केला नाही, तिला खाल्ले नाही की विष दिले नाही. तिने फक्त अन्न अधिक लवकर वापरले. निसर्गातील बहुतेक स्पर्धा याच प्रकारची, म्हणजे रक्त न सांडता चालणारी असते. पाण्याच्या रांगेत पुढचा मोठा हंडा भरून निघून जातो आणि मागच्याच्या वेळी नळ जातो, तसेच हे आहे.

गॉझ तेथेच थांबला नाही. हरलेल्या जातीला त्याने तिसऱ्याच एका जातीबरोबर ठेवले. या वेळी दोन्ही टिकल्या. बारकाईने पाहता असे आढळले, की एक जाती नळीच्या वरच्या भागात तरंगणाऱ्या जिवाणूंवर जगते, तर दुसरी तळाशी बसलेल्या किण्वपेशी खाते. एका नळीत राहूनही त्यांनी जणू दोन स्वतंत्र चुली मांडल्या होत्या.

मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकऱ्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. ज्वारीच्या ओळींत तूर पेरण्याची पद्धत तेथे पूर्वापार चालत आली आहे. ज्वारी झपाट्याने वाढते, तिची तंतुमय मुळे वरच्या थरात पसरतात आणि चार महिन्यांच्या आत-बाहेर ती कापणीला येते. तूर सुरुवातीस सावकाश वाढते, तिचे सोटमूळ खोल जाते आणि मुळांवरील गाठींतील जिवाणूंमुळे हवेतील नत्र तिला मिळत असल्याने मातीतील नत्रासाठी ती ज्वारीशी फारशी झगडत नाही. ज्वारी निघाल्यावर मोकळे झालेले ऊन आणि खोलवरची ओल तिच्या वाट्याला येते. दोन पिके एकाच शेतात सुखाने राहतात, कारण त्यांच्या गरजांची वेळ आणि जागा वेगळी आहे. ज्या दोन जातींच्या गरजा तंतोतंत सारख्या असतात, त्या एकाच जागी दीर्घकाळ एकत्र राहू शकत नाहीत. गरजांत फरक पडला की सहवास शक्य होतो. परिसंस्थेत इतक्या विविध जाती एकत्र का आढळतात, याच्या उत्तराचा मोठा भाग या एका नियमात सामावलेला आहे.

विळा आणि जीभ

उत्तराचा उरलेला भाग गवत कापणाऱ्याकडे आहे. डार्विन यांनी नोंदविलेले एक साधे निरीक्षण या दृष्टीने उद्बोधक ठरते. तीन फूट रुंद व चार फूट लांब अशा, नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीच्या तुकड्यात वनस्पतींच्या २० जाती होत्या. कापणे थांबवून सर्वांना मोकळेपणी वाढू दिले, तेव्हा त्यांतील ९ जाती नष्ट झाल्या. कापणी चालू असताना कोणालाच डोके वर काढता येत नव्हते, त्यामुळे बुटक्या व दुबळ्या जातींनाही ऊन मिळत होते. कापणी थांबताच उंच वाढणाऱ्या जातींनी त्यांना सावलीत दडपले. कापणारे हत्यार येथे स्पर्धेतील पंचाचे काम करीत होते.

मग गायरानावर वर्षभर गुरे चरत असतात, तेथेही असेच घडावयास नको काय? तेथे नेमके उलट घडते, कारण हत्यार निःपक्षपाती असते आणि गुराची जीभ निवडक असते. विळा सर्वांना सारखे कापतो. गाय, म्हैस, मेंढी मात्र आधी रुचकर गवत शोधते. मारवेल, पवन्या, डोंगरी ही आपल्या पठारावरील उत्तम चाऱ्याची बहुवर्षायू गवते तिला प्रिय असतात. त्यांची पाने वारंवार खुडली गेली, की मुळांना अन्न पोचत नाही. मुळे आखडतात आणि शेजारची ओल दुसऱ्याच्या हाती जाते. हा दुसरा म्हणजे कुसळी. कोवळेपणी गुरे ती खातात. पण फुलोऱ्यावर आल्यावर तिची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत व जनावरांच्या तोंडात रुततात, म्हणून ती शिल्लक राहते. पुढे जमीन आणखी उघडी पडली, की कुसळीचीही जागा एकवर्षायू, काटक आणि चाऱ्याच्या दृष्टीने कुचकामी गवते घेतात. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशातील गवताळ प्रदेशांचे सर्वेक्षण करून जो ग्रंथ १९७३ साली सिद्ध केला, त्यात दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा मोठा भाग मुळात पवन्या-मारवेल प्रकारच्या गवताचा असल्याचे नमूद आहे. चराईच्या ताणाखाली तो पायरीपायरीने कसा खालावतो, हेही त्यातून स्पष्ट होते.

गावकरी म्हणतात, ‘पूर्वी या माळावर चांगले गवत होते, आता उगवत नाही.’ पाऊस घटल्यामुळे असे झाले, असा सर्वसाधारण समज असतो. पुष्कळ ठिकाणी पाऊस पूर्वीइतकाच आहे. चांगले गवत स्पर्धेत हरले आहे आणि ते हरावे अशी व्यवस्था गावानेच नकळत केली आहे.

बिनबुलाया पाहुणा

अशा उघड्या पडलेल्या जमिनीवर जो पाहुणा आला, त्याने आज रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे भराव, रेल्वेचे रूळ, घरबांधणीसाठी सोडलेले भूखंड आणि गायराने व्यापली आहेत. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरफुली अशा अनेक नावांनी ते ओळखले जाते. त्याचे मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा उष्ण प्रदेश होय. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आपल्या देशात पसरले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९५५ साली ते पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि नंतरच्या काही दशकांत ते देशभर पसरले. त्याच्या सतत संपर्काने अनेकांच्या त्वचेला दाह होतो, परागांमुळे दम्याचा त्रास वाढतो. गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. चाऱ्यातून पोटात गेलेच, तर दुधास कडवट चव येते.

इतक्या थोड्या काळात या एका झुडपाने इतक्या जातींवर मात कशी केली? मायदेशात त्याला खाणारे अनेक कीटक आहेत. येथे येताना ते शत्रू मागे राहिले. येथील गवताला मात्र गुरे, टोळ, वाळवी हे सारे शत्रू आहेतच. म्हणजे एक पहिलवान दोन्ही हात मोकळे ठेवून आखाड्यात उतरला आणि दुसऱ्याचा एक हात बांधलेला, अशी ही कुस्ती झाली. शिवाय आपली बहुतेक रानगवते मोसमी पावसाच्या तालावर चालतात. गाजरगवताला असा ताल नाही. ओल मिळाली, की वर्षातील जवळजवळ कोणत्याही महिन्यात ते रुजते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. अवकाळी पाऊस, कालव्याची गळती, मोरीचे पाणी यांपैकी काहीही त्याला चालते. त्याच्या मुळांतून, पानांतून आणि कुजणाऱ्या अवशेषांतून पाझरणारी पार्थेनिनसारखी द्रव्ये शेजारच्या बियांचे रुजणे व वाढणे रोखतात. गॉझच्या नळीत विष नव्हते. येथे ते आहे.

एवढे असूनही या झुडपाचे एक मर्मस्थान आहे. त्याचे रोप पहिले काही आठवडे जमिनीस चिकटून, पसरलेल्या पानांच्या चकतीच्या रूपात असते. या काळात त्याच्यावर दाट सावली पडली, तर ते खुरटते. दाट, निरोगी गवताच्या आच्छादनात ते सहजासहजी शिरू शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात कुरणांत घुसलेल्या गाजरगवतास कोणत्या वनस्पती रोखू शकतात, याचा अभ्यास झाला, तेव्हा प्रभावी ठरलेल्या वनस्पतींत आपल्याकडील अंजन गवत, मारवेलाच्या कुळातील एक गवत आणि चक्क गोकर्ण यांचा समावेश होता.

गाजरगवत निर्मूलनाच्या मोहिमा अनेकदा फसतात, त्याचे कारण येथे सापडते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. विद्यार्थी, ग्रामस्थ, कर्मचारी मिळून झाडे उपटतात. ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत खड्ड्यात कुजवून खतही करता येते. हे सर्व योग्यच आहे. तथापि उपटल्यावर जी जागा मोकळी होते, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. त्या जागेखाली मातीत मागील वर्षांच्या हजारो बिया दडलेल्या असतात. जागा रिकामी ठेवणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे होय. महिन्याभरात तेथे पुन्हा तेच गाजरगवत, बहुधा पूर्वीपेक्षा दाट उगवते आणि ‘हे गवत मरतच नाही’ असा निष्कर्ष काढून लोक नाउमेद होतात.

टाकळ्याची मदत

जागा रिकामी ठेवावयाची नाही, तर तेथे कोणाला बसवावे? कृषी खात्याने यासाठी टाकळ्याची, म्हणजेच तरोट्याची शिफारस केली आहे. कोकणात पावसाळ्याच्या आरंभी ज्याची कोवळी भाजी घरोघर केली जाते, तोच हा टाकळा. पहिल्या पावसाबरोबर तो दाट उगवतो, त्याची पाने रुंद असतात आणि गाजरगवताचे रोप जमिनीशी लोळत असतानाच तो त्याच्यावर छत्री धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच्या शेंगा पक्व झाल्यावर बी गोळा करून ठेवावे आणि वळवाच्या पावसापूर्वी किंवा मृगाच्या तोंडावर गाजरगवताच्या जागी फेकावे, इतकीच कृती आहे. सलग काही वर्षे हे केल्यास फरक दिसून येतो.

या उपायाची मर्यादाही जाणली पाहिजे. टाकळा पावसाळी आहे. हिवाळ्यात तो वाळून गेल्यावर ओल असलेल्या जागी गाजरगवताला पुन्हा वाव मिळतो. दुसरे असे, की हिरवा टाकळा गुरे सहसा खात नाहीत. रस्त्याच्या कडेला, भूखंडांवर, गावठाणाच्या सीमेवर तो उत्तम. गायरानावर मात्र गाजरगवत जाऊन टाकळा आला, तर आरोग्याचा प्रश्न सुटेल, चाऱ्याचा सुटणार नाही. टाकळ्याच्याच वर्गातील एका अमेरिकी झुडपाने धारवाड परिसरात व महाराष्ट्राच्या काही भागांत गाजरगवतास मागे हटविले, त्याचे प्रारंभी कौतुक झाले; आता ते झुडूपच माळरानांवर तण म्हणून पसरते आहे. पेंढारी हाकलण्यासाठी दुसरी टोळी बोलाविण्यासारखे हे आहे.

मागे राहिलेल्या शत्रूंपैकी एकास येथे आणण्याचा प्रयोगही झाला. मेक्सिकोतून आणलेला, पाठीवर रेघा असलेला एक लहान भुंगा तपासण्यांनंतर १९८४ साली बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. सूर्यफूल हे गाजरगवताच्याच कुळातील असल्याने त्यावरही हा भुंगा पडेल काय, अशी शंका मध्यंतरी घेण्यात आली होती. चौकशीअंती पिकास गंभीर धोका नसल्याचे दिसून आले. आज हा भुंगा महाराष्ट्रातही पावसाळ्यात सर्रास आढळतो. कोरड्या ऋतूत तो मातीत दडून बसतो, त्यामुळे त्याचे काम वर्षभर चालत नाही. पण ज्या झुडपाची पाने गेली, ते शेजारच्या गवताला दाबून ठेवू शकत नाही. झाड पूर्ण मरत नसले तरी तराजूचे पारडे दुसऱ्या बाजूस झुकते. जुलै-ऑगस्टमध्ये भुंगे दिसत असलेल्या जागी तणनाशक फवारण्याची घाई करू नये.

भर पडली तरी भांडण बदलते

तुटवडा दूर केला, की स्पर्धा संपेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात एका वस्तूचा तुटवडा संपला, की दुसऱ्या वस्तूसाठी भांडण सुरू होते आणि विजेता बदलतो. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे १८५६ सालापासून एका गवताळ जमिनीवर खतांचा प्रयोग आजतागायत चालू आहे. खत न दिलेल्या तुकड्यांत वनस्पतींच्या चाळिसेक जाती टिकून आहेत. भरपूर नत्र मिळालेल्या आणि त्यामुळे आम्ल झालेल्या काही तुकड्यांत जेमतेम दोन-तीन जाती उरल्या आहेत.

आपल्या नद्यांत हेच घडते आहे. स्वच्छ, वाहत्या पाण्यात नत्र व स्फुरद थोडे असल्याने कोणतीही एक पाणवनस्पती माजत नाही. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, पंचगंगा यांच्या पात्रांत आणि उजनीच्या जलाशयात शहरांचे सांडपाणी आल्याने ही द्रव्ये विपुल झाली. आता टंचाई उरली ती फक्त प्रकाशाची. आणि प्रकाशाच्या स्पर्धेत पाण्यावर तरंगणाऱ्यापुढे पाण्याखालच्याचा टिकाव कसा लागणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालमध्ये आणलेली दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी पृष्ठभाग झाकून टाकते, खालील वनस्पती प्रकाशाविना मरतात, कुजताना प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरतात. यंत्रे लावून जलपर्णी काढणे हे गाजरगवत उपटून जागा रिकामी ठेवण्यासारखेच आहे. सांडपाणी वाहत असेतो ती परत येणारच.

सद्हेतूने केलेल्या कामातूनही असा विपरीत परिणाम घडू शकतो. सरकारी दप्तरात माळरान हे पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेले असते. पडीक म्हटले, की त्यावर झाडे लावावी, असे ओघानेच येते. या समजुतीने सोलापूर व अन्य जिल्ह्यांतील कित्येक माळरानांवर गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली. झाडांची सावली वाढली, तसे उन्हावर जगणारे गवत विरळ झाले. माळढोकासारखा पक्षी, ज्याला लांबवर मोकळे दिसणारे रान लागते, त्याचे घर आणखी आक्रसले. याउलट कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली अवघे २.१७ चौरस किलोमीटर क्षेत्र काळविटांसाठी अभयारण्य म्हणून राखले गेले आणि तेथील कळपांना आसरा मिळाला. काळवीट आणि मेंढी एकाच गवताचे दावेदार आहेत. गवत राखले नाही, तर काळवीट शेजारच्या ज्वारीत शिरते आणि शेतकऱ्याच्या तक्रारी येतात, हे त्या भागातील कर्मचाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

पंचायतीच्या हाती काय आहे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. परंतु राखून ठेवलेली जमीन आणि राखलेले गवत या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिवरे बाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी जी बंधने स्वीकारली, त्यांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती. राळेगणसिद्धी येथेही हीच बंधने त्याआधी पाळली गेली होती. चराईबंदीचा अर्थ गवत वापरू नये, असा नव्हता. गुरे माळावर न सोडता गवत विळ्याने कापून गोठ्यात न्यावयाचे, असा होता. निवडक जिभेच्या जागी निःपक्षपाती विळा आला, एवढाच खरा बदल. मारवेल-पवन्यासारख्या गवतांना त्यामुळे पुन्हा मुळे धरण्यास अवसर मिळाला.

मात्र चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे पंचायत सदस्यांनी विसरू नये. ज्याच्याकडे स्वतःचे बांध आहेत, विहिरीखाली घास आहे, तो दोन वर्षे सहज काढतो. चार शेळ्यांवर संसार करणाऱ्या भूमिहीन विधवेस किंवा मेंढपाळास एक पावसाळाही जड जातो. म्हणून सबंध गायरान एकदम बंद न करता त्याचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने राखावे आणि राखलेल्या भागातील गवत कापण्याचा पहिला हक्क ज्यांना जमीन नाही त्यांना द्यावा, हे अधिक व्यवहार्य आहे. माळावरील स्पर्धेचा निकाल लावताना गावातील स्पर्धेत दुबळ्याच्याच तोंडचा घास जाऊ लागला, तर तो राखणदाराला रात्री चुकवून गुरे आत सोडणार आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

राखलेल्या भागात पहिल्या वर्षी गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. उताराला आडवे चर खणून ओल मुरू द्यावी आणि पावसाच्या तोंडावर मारवेल, पवन्या, अंजन यांचे बी स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्याबरोबर पेरावे. गवताचे बी हलके असल्याने ते ओलसर मातीत व शेणात कालवून त्याच्या गोळ्या केल्यास वाऱ्याने उडत नाही आणि मुंग्याही नेत नाहीत. पहिल्या वर्षी गवत विरळ दिसेल. बहुवर्षायू गवताची बहुतेक मेहनत त्या वर्षी जमिनीखाली चाललेली असते. दुसऱ्या पावसाळ्यात ठोंब फुटून पसरू लागतात. कापणी बी झडल्यानंतर, साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीस करावी आणि जमिनीपासून चार बोटे ठोंब सोडावा.